विसावी मादी

तिनं काचेच्या पेटीत एकोणिसावी मादी मधोमध सोडली. एका टोकाच्या स्पीकरमधून नेहमीच्या रातकिड्याचं गाणं येत होतं. दुसऱ्यातून बाबांनी टेकडीपलीकडे टिपलेलं; ते वेगळ्याच प्रजातीचं, हा त्यांचा दावा. माद्या सगळ्या तिकडच्याच. दर खेपेला ती गाण्यांच्या बाजू बदलत होती. नाहीतर मादी गाणं ऐकून जाते की नुसतीच उजवीकडे वळते, कळणार कसं?

मादीनं मिशा हलवल्या आणि तुरुतुरु नेहमीच्या गाण्याकडे गेली.

"घ्या!" काका म्हणाले. ते बाबांचे तीस वर्षांचे सहकारी, आणि तेवढ्याच वर्षांचे विरोधक. "तुझ्या बापाला सांगून थकलो मी. प्रजाती एकच आहे."

"चौदा बाबांच्या गाण्याकडे गेल्यात, काका. एक मादी बाकी आहे."

ती संख्याशास्त्र शिकवायची. गाण्यांत फरकच नसेल, तर हा निव्वळ नाणेफेकीचा खेळ; विसात पंधरा किंवा जास्त वेळा ठरलेली बाजू पडण्याचा संभव शंभरात जेमतेम दोन. म्हणून पंधरा. आकडा आधीच ठरवून तिनं आणि काकांनी सह्या केल्या होत्या. चौदावर बाबांचा किडा बिननावाचाच राहणार होता.

विसावी मादी हलेचना. लेक पेटीवर वाकली. काकाही नकळत पुढे वाकले.

"अगं चल ना बये," ते पुटपुटले, "किती भाव खाशील!"

मादी वळली. थांबली. मग धावत जाऊन बाबांच्या गाण्याच्या जाळीवरच चढून बसली.

"पंधरा!" ती ओरडली. काकांनी टेबलावर थाप मारली. आपण हरलो, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

"लिही, लिही! शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा, तो आहेच. दुसरा बापाच्या नावावरून ठेवू. शोधनिबंध तुम्हा दोघांचा आणि माझा."

"बाबांनी ठेवलंय नाव. निकालाआधी तुम्हाला दाखवायचं नव्हतं."

तिनं वही पुढे केली. काकांनी चष्मा वर करून वाचलं, पुन्हा वाचलं. दुसरा शब्द त्यांच्या आडनावावरून केलेला होता.

"गाढव आहे," ते म्हणाले. "निबंध लिहिणारा तोच नाव देणारा, आणि किड्याला स्वतःचं नाव स्वतःच द्यायची रीत नाही आमच्यात. ठाऊक होतं त्याला."

"मग बदलायचं?"

काकांनी निबंधाचा मसुदा ओढला आणि लेखकांच्या ओळीतलं आपलं नाव सावकाश, एकाच रेघेत खोडलं.