दाण्याचं कूट आणि डेलचं गाणं

मी खलबत्ता बोलतोय. पितळी, आखूड आणि वजनाला भक्कम. खरं तर आम्ही दोघं आहोत, पण बोलायचं काम माझं, म्हणजे खलाचं. बत्त्याला आपटण्यापलीकडे काही सुचत नाही.

जन्म पुण्याचा. वसुधाताई लग्न करून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्या आईने मला पातळात गुंडाळून बॅगेत कोंबलं आणि मी थेट ओहायोतल्या डब्लिनला पोचलो. सोबत मिक्सरही आला होता. पण इथल्या विजेवर तो नुसता गुरगुरायचा, दाणा काही फुटायचा नाही. मग कुटायचं सगळं माझ्याकडे आलं. मी मनातून खूश होतो, खोटं कशाला बोलू?

वसुधाताईंची एक लकब होती. तीन ठोके घालायचे, थांबून बोटांनी कडेचे दाणे मध्ये ओढायचे आणि पुन्हा तीन ठोके. खालच्या मजल्यावर डेल नावाचा ड्रमर राहायचा. त्याच्या डोक्यावर रोज दुपारी हा कार्यक्रम चाले.

चौऱ्याऐंशी सालच्या एका शनिवारी दारावर थाप पडली. वसुधाताईंचे यजमान गिरीशराव दबकून म्हणाले, "तरी मी सांगत होतो, नॉइज होतो. आता तो कम्प्लेंट करणार. उद्यापासून हे कुटणं बंद कर."

पण डेल भांडायला आला नव्हता. रेकॉर्ड कंपनीने त्याच्या बँडला शेवटची संधी दिली होती. आठवड्यात एक दमदार गाणं द्यायचं, नाहीतर करार रद्द. चाल तयार होती, ठेका सापडत नव्हता. "तुम्ही वर जे वाजवता ना, ते मला हवंय," तो म्हणाला.

"मी वाजवत नाही. खिचडीसाठी कूट करते," वसुधाताई म्हणाल्या.

तरी आम्ही स्टुडिओत गेलो. डेलने रिकाम्या खलातच बत्ता हाणला. वसुधाताईंनी त्याचा हात धरला. "रिकामा कुटायचा नसतो," म्हणून मूठभर भाजलेले दाणे घातले आणि स्वतःच कुटायला बसल्या.

आता पंचाईत अशी, की दाण्यांचं कूट होत आलं की माझा आवाज मऊ पडतो. गाणं ऐन रंगात यायचं आणि मी मवाळ. मग परत नवे दाणे, परत पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत पातेलंभर कूट झालं, गाणं काही होईना. डेल डोकं धरून बसला. मला फार वाईट वाटलं.

"आवाज असाच उतरणार," वसुधाताई म्हणाल्या. "त्याच्याबरोबर तुम्हीही उतरा की."

या वेळी गिटार, ड्रम, गाणारा, सगळे माझ्याबरोबर हळू होत गेले. गाणं संपलं. रेकॉर्डिंग करणारा इंजिनिअर म्हणाला, "हेच ठेवू."

त्या उन्हाळ्यात प्रत्येक गाडीतून मीच वाजत होतो. गिरीशराव ऑफिसात सांगत सुटले, "दॅट इज अवर खलबत्ता."

मग कंपनीचा माणूस मखमली पेटी घेऊन आला. त्यांना मला ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवायचं होतं. "अगं, केवढा ऑनर आहे," गिरीशराव म्हणाले. माझा जीव टांगणीला लागला. कपाटात बसायचं म्हणजे जन्मभर रिकामं राहायचं.

वसुधाताई कूट करत होत्या, त्यांनी हात थांबवला नाही. "शोभेला हवा असेल तर आईकडून दुसरा मागवते. हा कामाचा आहे."

माणूस रिकामी पेटी घेऊन आणि पोट खिचडीने भरून परत गेला.

ते गाणं कधी रेडिओवर लागलं, तर शेवटाआधी बंद करू नका. आवाज उतरतो तो कुणी बटण फिरवल्यामुळे नाही. तेव्हा माझ्यात कूट तयार झालेलं असतं.