चांदणीचा मान

दारात आलेल्या माणसाने आधी रामराम करावा. पण शिरपूरहून आलेला भूपेंद्र डॉक्टर पुष्पाबाईंना डावलून थेट गोठ्यात शिरला, त्याने चांदणीच्या पोटाला कानातली तपासनळी लावली आणि वर दरडावून विचारलं, "काय खाऊ घातलं हिला?"

अर्ध्या पारोळ्याचे नवरदेव मिरवणारी ती घोडी घामाने निथळत होती, पाय झाडत होती, सारखी लोळायला बघत होती.

"काल वरातमा तिना मान व्हता," पुष्पाबाई ताठ मानेने म्हणाल्या. "सम्द्या बायास्नी भिजेल डाळ दिन्ही. मी सोता तिले तूपन्या बट्ट्या खावाड्यात."

"मान नाही, घात केलात अक्का. घोड्याला उलटी होत नाही. आतडं पिळलं तर हातची जाईल."

गल्लीदेखत असं त्यांना कुणी बोललं नव्हतं. पण त्यांचं उत्तर ऐकायला डॉक्टर रिकामा होताच कुठे! त्याने सुई टोचली, नाकातून नळी घालून पोट हलकं केलं, मागून खांद्यापर्यंत हात आत घालून आतडं चाचपलं. मग स्वतःच दोर धरून तिला अंगणात फिरवू लागला. "चल माय, थोडं अजून," असं तो तिला इतक्या मायेने म्हणत होता, की पुष्पाबाईंचा रागच निवला.

ऊन कलताना चांदणीने लीद टाकली; आतडं मोकळं झालं होतं. डॉक्टर उकिडवा बसून ती निरखू लागला आणि घरात नातू झाल्यासारखा हसला.

पुष्पाबाई पदर सावरून पुढे झाल्या.

"डॉक्टर, माणसेसशी कसं बोलानं, ते तुले कोनी शिकाडं नही. पन मुका जीवले तूच मायबाप शेस!"