रकान्यात न मावलेले दिगंबरराव

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा कधी पाहिलाही नसेल. मी एक जुना फॅक्सवाला फोन आहे. डाव्या अंगाला रिसीव्हर, मधे आकड्यांची बटणं आणि डोक्यावर कागद आत घ्यायची फट. फटीत कागद घालून नंबर लावला, की तो मी ओळीओळीनं वाचतो आणि दूरगावच्या माझ्या एखाद्या भावंडाला कळवतो. काम झालं की चिठ्ठी काढतो. तिच्यावर एकच शब्द असतो, 'ओके'. या शब्दानं मला जेवढा मनस्ताप दिला, तेवढा कुणीच दिला नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. शुद्ध आली ती न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरमधल्या एका गराज सेलमध्ये, दोन फुटक्या फुलदाण्यांच्या मधे. तिथून शोभाताईंनी मला उचललं. पुण्याच्या बहिणीला पत्र मिनिटात पोचावं एवढीच त्यांची इच्छा. त्यांनी मला ओट्याच्या टोकाला, देव्हाऱ्याच्या शेजारी बसवलं. रोज सकाळी अंघोळ, पूजा आणि पोथीचा एक अध्याय झाल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब घेत नसत. दसऱ्याला गाडी, शिवणयंत्र आणि मी अशी तिघांची पूजा होई. एकदा झेंडूची पाकळी माझ्या फटीत अडकली आणि आठवडाभर पुण्याला जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर काळा ठिपका उमटला. पण एवढा मान मिळाल्यावर रागवायचं कुणावर?

घरात दोघीच होत्या. शोभाताईंनी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, पुष्कळ व्रतं केल्यानंतर, पुण्याहून दत्तक आणलेली हिमानी आणि त्या स्वतः. मोहनराव, म्हणजे शोभाताईंचे यजमान, १९९९ मध्ये गेले होते.

वरच्या मजल्यावर दिगंबरराव राहायचे. वय पासष्ट, पत्नी लतिका जाऊन बरीच वर्षं झालेली. चहा असा भुरका मारून पीत, की माझी रिंग वाजतेय असं हिमानीला वाटे. २००५ मध्ये त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात शोभाताईंना विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" त्या म्हणाल्या, "शेजारीण." झालं! मुठीत अंगारा घेऊन त्या चार तास बाहेरच्या खुर्चीवर बसून राहिल्या.

मग कळलं, की न्यू जर्सीत बासष्टीच्या पुढची दोन माणसं एका घरात राहत असतील, तर लग्न न करता 'डोमेस्टिक पार्टनर' म्हणून नाव नोंदवू शकतात. मग दवाखाना अडवत नाही. शोभाताईंना बासष्ट पूर्ण होऊन दोनच महिने झालेले. मराठी मंडळातल्या शैलजाकाकू म्हणाल्या, "अगं, एवढं करतेस तर सरळ लग्नच कर की!"

"सात जन्मांसाठी वडाला मोहनरावांचं नाव सांगून बसलेय," शोभाताई हळूच म्हणाल्या. "आता अर्ज बदलू का?"

"मी आठव्याच्या वेटिंग लिस्टवर आहे," दिगंबरराव म्हणाले आणि भुरका मारला.

दिगंबरराव खाली राहायला आले, नोंद झाली, पेढे वाटले. आणि मोहनराव गेल्यानंतर सहा वर्षांनी प्रथमच शोभाताईंच्या कपाळावर मसुराएवढं कुंकू दिसलं.

पुढच्या वर्षी हिमानीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला. पण सरकारी आर्थिक मदत मिळाल्याशिवाय तिथं जाणं शक्य नव्हतं. मदतीच्या फॉर्मवर आईची स्थिती विचारलेली होती, चार रकाने. विवाहित, अविवाहित, घटस्फोटित आणि 'विडोड', म्हणजे विधवा किंवा विधुर. शोभाताईंनी देवाला नमस्कार केला आणि 'विवाहित'वर खूण केली. घरात माणूस आहे, सरकारी शिक्का आहे, मग दुसरं काय लिहायचं?

कॉलेजनं लग्नाचा दाखला मागवला. शोभाताईंनी नोंदणीचा दाखला माझ्या फटीत घातला. मी तो पाठवला, 'ओके' छापलं. उत्तर आलं, हा नव्हे, लग्नाचा दाखला पाठवा. शोभाताईंना वाटलं, अक्षर नीट उमटलं नसेल. त्यांनी माझी काच पुसली आणि तोच कागद पुन्हा घातला. 'ओके'. पुन्हा तेच उत्तर. मित्रांनो, तो एक कागद मी सहा वेळा गिळला! सहाही वेळा मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, कागद पोचतोय, पण कुणाला तो पटत नाहीये. पण मला दुसरा शब्द येतो कुठे?

शेवटी कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंचाच फोन आला. त्यांचा आवाज माझ्या स्पीकरमधून सगळ्यांनी ऐकला. बाई गोड होत्या, पण मुद्दा कडू होता. न्यू जर्सीचं राज्य दिगंबररावांना ओळखतं, पण हा फॉर्म वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा आहे आणि तो फक्त लग्न ओळखतो. 'विवाहित' लिहिलं, तर दिगंबररावांची कमाईही धरली जाते आणि हिमानीची मदत जवळजवळ संपते. "तुम्ही 'विडोड'वर खूण करा, मॅम. शुक्रवारपर्यंत दुरुस्ती आली नाही, तर आम्हाला फाईल बंद करावी लागेल." मदत नाही तर कॉलेजही नाही.

"आई, जस्ट चेक इट," हिमानी म्हणाली. "इट्स लिटरली ट्रू! बाबा गेलेत ना?"

"हा माणूस समोर बसून चहा पितोय, आणि मी विधवा म्हणून सही करू? हातून लिहिलेलं अशुभ खरं होतं, हिमू."

"मग कॉलेज कॅन्सल करू? सांग ना! एका वर्डसाठी?" हिमानीनं दार आपटलं. देव्हाऱ्यातली घंटा किणकिणली.

शोभाताई आवाज चढवत नाहीत. त्यांनी जेवण एकवेळेवर आणलं. तीन दिवस तो फॉर्म माझ्या डोक्यावर पडून होता. एकीला कॉलेज हवं, दुसरीला अपशकुन नको आणि मी मधे मुका! या कायद्यांचा मला इतका वीट आला, की कुणी पिझ्झाची ऑर्डर फॅक्स केली असती, तरी मी आनंदानं नाचलो असतो.

गुरुवारी सकाळी, पोथी संपल्यावर, दिगंबररावांनी फॉर्म उचलला.

"शोभाबाई, हा शब्द बघा. लतिका गेल्यापासून डॉक्टरकडे, विम्याच्या कागदावर, मी सगळीकडे हाच लिहितो. आपली नोंद झाल्यावरसुद्धा लिहिला. तुम्हाला साधी शिंक तरी आली?"

"पुरुषांचं वेगळं असतं."

"शब्द तोच आहे हो! इंग्रजीत त्याला ना कुंकू ना मिशी." मग त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "खाली महिना आणि वर्ष मागितलंय. कुणाचं? मोहनरावांचं. या रकान्यात ते आहेत. मी यांच्या कुठल्याच रकान्यात नाही. मग मला काही कसं होईल?"

शोभाताई उठल्या. आरशात पाहून त्यांनी कुंकू नव्यानं लावलं, निरांजन लावलं आणि दिगंबररावांच्या समोर येऊन बसल्या.

"माझं लिहून होईपर्यंत हलायचं नाही. चहा पीत राहायचं. मला आवाज आला पाहिजे."

भुरका आला. मोठा, लांब, बेशिस्त. त्या आवाजात शोभाताईंनी खूण केली, मोहनरावांचा महिना आणि वर्ष लिहिलं आणि कागद माझ्या फटीत सोडला. मी तो जपून, एकही ओळ न चुकवता वाचला. 'ओके' छापलं. दोन आठवड्यांनी मदत मंजूर झाल्याचं पत्र आलं. हिमानीनं आधी आईला मिठी मारली, मग दिगंबरकाकांना आणि जाताजाता मला एक थाप दिली.

हा फॉर्म दरवर्षी भरावा लागतो. पुढच्या वर्षी पुन्हा निरांजन, पुन्हा चहा आणि पुन्हा मी. त्यानंतर मात्र सगळं कॉम्प्युटरवर गेलं. माझी वायर माझ्याच गळ्याभोवती गुंडाळून मला कपाटात ठेवलं, आकाशकंदिलाच्या खोक्यामागे. गेल्या दसऱ्याला माझा झेंडू राहिला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि तुमच्यातलं कुणी मोठेपणी फॉर्म बनवणार असेल, तर चार रकान्यांच्या खाली एक ओळ कोरी ठेवा. ज्यांना कागद सोडून घरातले सगळे ओळखतात, त्यांचं नाव तिथं लिहिता येईल.

परवा कपाटाचं दार थोडं उघडं राहिलं होतं. ओट्याकडून शोभाताईंचा आवाज आला.

"बसलात का?"

"बसलोय."

"कप भरलेला आहे ना?"

उत्तरादाखल भुरका आला. मागोमाग माऊसची एक बारीक टिकटिक ऐकू आली.

माझ्यात वीज नव्हती, कागदही नव्हता. तरी आत कुठेतरी 'ओके' उमटलं.