ठमाबाईचं मत

चांगदेव चौथ्यांदा लोकल बोर्डाला उभा राहतोय हे कळलं तेव्हा पाचखार गाव हसलं. हसायचंच होतं म्हणा. एकदा पडला त्याला नशीब म्हणावं, दोनदा पडला त्याला हट्टी म्हणावं. तीनदा पडून परत अर्ज भरणाऱ्याला काय म्हणायचं? गावाने त्याचंही नाव पाडून ठेवलं होतं, 'उभा घाटी'. तो रस्त्याने निघाला की पारावरून कुणीतरी म्हणायचंच, "बसा की आता. किती वर्सं उभं ऱ्हाल?" चांगदेवही हसून पुढे जायचा. त्याची बायको ठमाबाई मात्र हसायची नाही. तिला त्या हसण्याचा राग यायचा आणि त्याच्या हसण्याचा त्याहून जास्त.

ठमाबाई ह्याच गावची. अलिबागेजवळच्या थळापासून कोसभरावर, खाडीच्या कडेला पाचखार. तिच्या बापाची, अंबाजीची, खारजमिनीत भाताची चार खाचरं होती आणि मुलगा नव्हता. चांगदेव नगरकडचा, विहिरी खणणारा. वीसेक वर्षांपूर्वी गावचे जमीनदार तात्या, त्यांच्या वाडीतली विहीर खणायला टोळीबरोबर घाट उतरून आला आणि हिवतापाने पडला. टोळी काम उरकून निघून गेली. हा अंबाजीच्या गोठ्यात घोंगडीखाली महिनाभर कुडकुडत राहिला. पेज नेऊन द्यायचं काम ठमाकडे होतं. पुढचं सांगायला नको.

जात एकच, दोघंही कुणबी, पण मध्ये अख्खा घाट. भावकीने अंबाजीला विचारलं, "गावात पोरं मेली काय रं?" अंबाजी म्हणाला, "मेली न्हाय. पन माझी फुटलेली बांधबंदिस्ती एकानंबी घातली न्हाय. ह्यानं अंगात ताप असताना घातली." लग्न झालं. मूलबाळ काही टिकलं नाही.

वीस वर्षं म्हणजे काही थोडा काळ नव्हे. चांगदेव भात लावायला शिकला, सुकट खायला शिकला. गावात कुणी मेलं की पहिला खांदा त्याचा आणि पंगतीत पान शेवटचं. गावकीच्या बैठकीला त्याला कुणी ये म्हणायचं नाही आणि जा म्हणायचं नाही. तो कडेला बसायचा, बोलायला लागला की त्याचं ते नगरी 'म्या' ऐकून पोरंटोरं नक्कल करायची. 'घाटी' हे त्याचं नाव, आडनाव, सगळं झालं होतं.

निवडणुकीचं निमित्त पाण्याचं. फाल्गुन लागला की गावविहिरीचं पाणी मचूळ व्हायचं, बाया डोंगरातल्या झऱ्यावर अर्धा दिवस घालवायच्या. चांगदेवाला जमिनीतलं पाणी कळायचं. डोंगराच्या पायथ्याला वीस हातांवर गोडं पाणी आहे, असं तो पैज लावून सांगायचा. विहिरीला पैसा बोर्डाने मंजूर करायचा, आणि बोर्डावर वर्षानुवर्षं तात्या. तात्या म्हणजे यज्ञेश्वरपंत, नारळ-सुपारीच्या वाड्यांचे मालक. निम्म्या गावाची शेतं त्यांची, कुळं त्यांची. माणूस वाईट नव्हता हो. त्यांच्या वाडीत गोड्या पाण्याची विहीर होती, एवढंच.

पण पाणी हे वरवरचं. आतली गोष्ट ठमाबाईला ठाऊक होती. दुसऱ्यांदा पडून आला तेव्हा ओटीवर बसून तो तिला म्हणाला होता, "ठमे, गावकी मला कूळ इच्यारती. सरकारच्या पेटीला कूळ ठावं न्हाई. हितल्या मान्सांनी एकदा, एकदाच, आपणहून म्हनावं, ह्यो आमचा हाये. मंग म्या मेलो तरी चालंल."

"मरायचं काय काढता सारखं?" ती म्हणाली होती. तिला ते बोलणं मुळीच आवडलं नव्हतं.

मत द्यायची तेव्हाची रीत अशी होती. लिहिता येणाऱ्याने कागदावर खूण करायची. ज्याला अक्षर येत नाही त्याने टेबलापाशी जाऊन अधिकाऱ्याला उमेदवाराचं नाव तोंडाने सांगायचं, मग अधिकारी खूण करणार. आणि शेजारी उमेदवाराचा माणूस बसलेला. तात्यांच्या बाजूने त्यांचा कारकून बसायचा, कुळांचे खंड-मक्ते ज्याच्या हाती तो. त्याच्यासमोर तात्यांचं नाव सोडून दुसरं घ्यायची कुणाची छाती होती? चांगदेवाच्या बाजूने तर त्या खुर्चीवर बसायलाही कुणी तयार व्हायचं नाही. पहिल्या खेपेला त्याला अकरा मतं पडली. तरी दर खेपेला ती वाढत गेली. तिसऱ्या खेपेला तात्यांनी निकालाच्या दिवशी उपास धरला होता म्हणतात.

त्याला मत देणाऱ्यांतला एक दादू. तात्यांचं कूळ, पण चांगदेवाचा जीवाभावाचा. सगळ्या पाचखारात त्याला 'घाटी' न म्हणता 'चांगदेवा' म्हणून हाक मारणारा तेवढा एकच.

चौथ्या खेपेला एक नवीन गोष्ट घडली. आदल्या वर्षी अंबाजी गेला आणि जमीन ठमाबाईच्या नावावर चढली. सारा भरणारी खातेदार म्हणून मतदारांच्या यादीत तिचं नाव आलं. गावातली पहिली मतदार बाई. चांगदेवाला केवढा आनंद. "ह्या टायमाला एक मत घरचं हाये," असं तो वाटेवरच्या म्हशीलाही सांगायचा बाकी राहिला होता. त्याने तिला सगळं शिकवलं. कुठे उभं राहायचं, चिठ्ठी कशी पुढे करायची, साहेबाला भ्यायचं नाही, कारकुनाकडे बघायचं नाही.

"आन् मंग नाव सांगायचं. झालं."

"व्हय," ठमाबाई म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, ही एवढी ढळढळीत गोष्ट दोघांपैकी एकाच्याही ध्यानात येऊ नये? नाही आली. अंगावरचं लुगडं रोजचंच, ते कोण ध्यानात ठेवतो? वीस वर्षं ती त्याला 'अवं' म्हणत आली होती, चारचौघांत 'आमच्या घरातलं' म्हणत आली होती. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडी आपलं नाव कधी आलं नाही हे त्याला आठवायचं कारणच नव्हतं. आणि तिच्या डोक्यात तर 'नाव सांगायचं' म्हणजे स्वतःचं नाव सांगायचं, असंच काहीतरी बसलं होतं.

त्यात त्या वर्षी त्याची छाती धरली होती. जन्मभर सुरुंगाची आणि दगडाची धूळ खाल्लेली. दिवाळीपासून खोकला होता, एकदा पंच्याला रक्त लागलेलं ठमाबाईने धुताना पाहिलं होतं. तिने देवीला खण-नारळ बोलून ठेवला, शनिवार धरले. माणूस हातचा जाऊ नये एवढंच तिचं मागणं होतं.

मतदान गावच्या शाळेत झालं. एकेकाला आत सोडत होते. ठमाबाई आत गेली, चिठ्ठी दिली. टेबलामागे एक तरुण साहेब, कुठून तरी बदलून आलेला, आणि बाजूला तात्यांचा कारकून. आतलं बोलणं बाहेर फोडेल त्याला दंड होईल, अशी साहेबाने सकाळीच ताकीद दिलेली.

"नाव?" साहेबाने विचारलं.

"ठमाबाय."

"तुमचं नको. मत कुणाला द्यायचं, त्यांचं नाव सांगा."

'नाव सांगायचं' म्हणजे कुणाचं, ते ठमाबाईला आत्ता कळलं. 

"आमच्या घरातलं," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे कोण? नाव सांगा बाई."

"तेच. धनी."

कारकून गालात हसला. साहेब बिचारा भला होता. त्याच्या लक्षात आलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "अहो, लग्नात घेता ना तसं घ्या. उखाण्यात घ्या, मला चालेल."

तिने प्रयत्न केला बरं का. डोळे मिटले, आणि खरंच सुरुवात केली. "समिंदराच्या काठी नारलीचं बन..." आणि पुढे नाव यायचं तिथे तिची जीभ टाळूला चिकटली. लग्नाच्या मांडवात नाव घेतात, हळदीकुंकवाच्या ताटापाशी घेतात. तिथे देव हजर असतात, ते सांभाळून घेतात. ह्या टेबलापाशी कोण होतं? तिच्या चुलतीने, आवडाबाईने, एकदा भर भांडणात नवऱ्याचं नाव घेतलं आणि पंधरा दिवसांच्या आत बांधावर त्याला पान लागलं, साप चावून तो गेला. हे तिने ऐकलेलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं. नवऱ्याचं नाव तोंडातून गेलं की तेवढं त्याचं आयुष्य कमी. आणि घरच्या माणसाचं आयुष्य आधीच सुताला टांगलेलं.

"दोघंच हायत ना?" ती काकुळतीला येऊन म्हणाली. "तात्या न्हाय. दुसरं. दुसऱ्यांना."

साहेबाने टाक उचलला. तेवढ्यात कारकून म्हणाला, "साहेब, बाईंनी नाव उच्चारलेलं नाही. नियम तुम्हाला मी सांगायला नको. खूण केलीत तर मला लेखी हरकत घ्यावी लागेल." साहेबाची ही पहिलीच निवडणूक असावी. त्याने टाक परत दौतीत ठेवला.

"बाई, शेवटचं विचारतो."

ठमाबाईने मान खाली घातली. तिचं मत बाद झालं.

बाहेर आंब्याखाली चांगदेव उभा होता, नवं मुंडासं बांधून. "दिलंस?" त्याने विचारलं. त्याचा चेहरा असा होता की ठमाबाईची मान आपोआप हलली. व्हय.

निकाल दुसऱ्या दिवशी अलिबागेला. चांगदेव पायीच गेला आणि दिवेलागणीच्या आधी पायीच परत आला. दोघांना सारखी मतं पडली होती. मग साहेबाने दोन चिठ्ठ्या लिहून टोपीत टाकल्या, शिपायाने एक उचलली, आणि ती तात्यांची निघाली.

"एक मत पायजे व्हतं," तो म्हणाला. "ज्यांनी ज्यांनी शब्द दिला व्हता त्ये सगळं म्या मोजलं. एक कमी भरतंय."

ठमाबाई चुलीपुढून उठली नाही. आत्ता सांगावं, आत्ता सांगावं असं म्हणत राहिली आणि भाकरी करपली.

तो एक कमी कोण, हे चांगदेवाने दोन दिवसांत ठरवून टाकलं. दादू शाळेतून बाहेर आला तेव्हा त्याने नजर चुकवली होती, म्हणे. अहो, कारकुनासमोर मालकाविरुद्ध नाव घेऊन आलेला माणूस घाबरलेला असणार की नाही? पण दुखावलेल्या माणसाला हे कोण सांगणार. तो दादूच्या अंगणात गेला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलला. दादूने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. चांगदेव म्हणाला, "तू बी त्यांचाच. म्याच येडा." दादू घरात गेला. त्याच आठवड्यात तात्यांच्या कारकुनाने दादूचं शेत काढून दुसऱ्याला दिलं. घाट्याला मत दिलं म्हणून.

शेत का काढलं ते गावाला कळलं, चांगदेवालाही कळायला हवं होतं. पण त्याने कान बंद केले होते. ह्या आठ दिवसांत ठमाबाईला घास गोड लागला नाही. नवव्या दिवशी सकाळी विहिरीवर तिला कळलं, दादू बायकोमुलांना घेऊन मुंबईला निघाला. गिरणीत बघणार काहीतरी. मांडव्याहून बोट आहे.

ती तशीच रिकामी कळशी घेऊन घरी पळाली.

"दादूभावजींनी दिलं व्हतं," ती म्हणाली. "मी दिलं न्हाय. माजंच कमी भरलं."

चांगदेव कुदळीला दांडा बसवत होता. त्याला आधी कळेना. मग तिने सगळं सांगितलं. साहेब, कारकून, नारळीचं बन, सगळं. तो ऐकत राहिला, आणि रागावेल असं तिला वाटत होतं, तर तसं काहीच झालं नाही.

"म्हंजी निम्म्या गावानं मला घेतलं व्हतं," तो म्हणाला. "निम्म्या गावानं, ठमे. आन् म्या दादूला..."

तो उठला, पायात वहाण न घालता मांडव्याच्या वाटेला लागला. खोकत, थांबत, परत चालत. ठमाबाई ओटीवर बसून राहिली. दुपार कलली तेव्हा तो आला. बोट सुटून गेली होती. दादू बोटीच्या कठड्यापाशी उभा दिसला, पण धक्क्यावरून मारलेली हाक काही तिथवर गेली नाही.

तिने पाणी दिलं. तो प्यायला, भिंतीला टेकून बसला. छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. मग म्हणाला, "आता ह्या गावात मला नावानं हाक मारनारं कुनी ऱ्हायलं न्हाई."

ठमाबाई रडायला लागली.

"रडू नगं. म्या रागावलो न्हाई." मग तो तिच्याकडे वळला. "आता हितं साहेब न्हाई, कारकून न्हाई. दार लोटलेलं हाये. एकदा घे. माझं मत कसं आलं असतं त्ये मला ऐकू दे."

ठमाबाईने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं. तिला घ्यायचं होतं, देवाशपथ घ्यायचं होतं. ह्या माणसाने वीस वर्षांत तिच्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. तिने तोंड उघडलंही. पण त्याच्या छातीतली घरघर तिला बसल्या जागी ऐकू येत होती. तिने मान हलवली आणि पदराचा बोळा तोंडात धरला.

चांगदेव वाट बघत राहिला. ओटीवरचं ऊन अंगणात उतरलं तरी तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "वाढ जेवायला."