बाजेखालचं झाड

जळबाला पहिला संशय आला तो अनारशांमुळं.

सासूनं, म्हणजे रुक्माबाईनं, त्याच्या ताटात अनारशांचा ढीग लावला, वरून तूप सोडलं आणि पदर सावरत म्हणाली, "घ्या जावईबापू, लाजू नका." अधिक महिन्यात जावयाला बोलावून असं खाऊ घालायची रीतच आहे, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. पण जळबा ज्या सरकारी खात्यात शिपाई होता, त्या खात्याचं काम गावोगाव दारू आणि गांजा हुडकायचं होतं. तिथं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की, कोणी फुकट आणि आग्रहानं खाऊ घालत असेल तर हात धुवावेत आणि त्याच्या घराची मागची बाजू बघून यावी.

मागच्या बाजूला एक खोली होती. तिला कुलूप होतं.

सत्त्याहत्तर साल. आणीबाणी उठली होती, पण सेनगावच्या पुढच्या त्या सासरच्या गावात ते अजून कोणाला पटलं नव्हतं. ज्वारीचा भाव सांगतानासुद्धा लोक आधी मागं वळून बघत. गावात सरकारी जीप शिरली की बाप्ये लोक तिफण टाकून पिकात पळत, कारण मागच्या वर्षी जीप ज्या ऑपरेशनासाठी यायची ते कोणाला पुन्हा करून घ्यायचं नव्हतं. ज्यांचं झालं होतं तेही पळत.

जळबाचं दुखणं वेगळंच होतं. नोकरी लागून वर्ष होत आलं तरी तो कायम झाला नव्हता, कारण त्यानं अजून काहीच धरलं नव्हतं. एकदा एका हातभट्टीवर गेला, तर भट्टीवाल्यानं त्यालाच विचारलं, चहाचं हॉटेल कुठं आहे. हा हॉटेल दाखवून येईपर्यंत भट्टी निघून गेली होती. शेवटी हिंगोलीच्या कचेरीत साहेब म्हणाले, "श्रावण संपायच्या आत एक तरी केस आण. नाही तर गावाकडं जाऊन शेळ्या राख." त्या साली श्रावण दोन होते. कोणता, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं आणि जळबानं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर पहिला निघाला असता.

तर ती खोली. रोज सकाळी आंघोळ झाली की सासरा ग्यानोबा कमरेला कात्री खोचायचा, सुतळीचा गुंडा काखेत मारायचा, कुलूप काढून आत जायचा आणि आतून कडी घालायचा. बाहेर यायचा तेव्हा त्याची एक मूठ झाकलेली असायची. ती मूठ तो चुलीत उघडायचा. त्यानंतर भाकरी थापताना रुक्माबाई एकटीच हसायची. सासू हसते, ही गोष्ट जळबाला सगळ्यात जास्त खटकली.

"मामा, आत काय हाय?" त्यानं ओसरीवर बसून सहज विचारलं.

"कुठं आत?"

"त्या खोलीत."

"कोणत्या खोलीत?"

"कुलूपवाल्या."

ग्यानोबानं खोलीकडं असं बघितलं, जणू ती कालच कोणी परका माणूस ठेवून गेला असावा. "ती व्हय. ज्वारी हाय तिच्यात."

"ज्वारीला कात्री काहून लागते?"

"पावनं," ग्यानोबा म्हणाला, "तुमी सुट्टीवर हाईत का डुटीवर?"

"सुट्टीवर."

"मग खा."

संशय दोन्हीकडून होता. धोंड्याचा जावई एका दिवसात धोंडे खाऊन, धोतरजोडी घेऊन जातो. हा तळ ठोकूनच बसला होता. जळबा तांब्या घेऊन ओढ्याकडं निघाला की थोड्या अंतरावर ग्यानोबा खोकत उभा. जळबा उठला की ग्यानोबाही घरी. दोघं एकमेकांना "झालं का?" एवढंच विचारत.

बायकोला विचारावं तर पार्वती माहेरी आल्यापासून माहेरची झाली होती. पहिल्या दिवशी ती म्हणाली, खोलीत देवाचं काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आबाच्या दम्याचं औषध आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बैलाच्या पोटासाठी ठेवलंय.

"म्हंजी देवाच्या बैलाला दमा झालाय का?" जळबानं विचारलं.

"तुमाला तर सगळं उलटंच दिसतं," असं म्हणून तिनं ताटात आणखी एक अनारसा टाकला.

शेवटी एका सकाळी, ग्यानोबानं आतून कडी घातल्याचा आवाज आला तसा जळबा ढग बघायच्या निमित्तानं माळवदावर चढला. मातीच्या सपाट छपराला प्रत्येक खोलीवर उजेडासाठी एक साणं, म्हणजे हातभर भोक, ठेवलेलं होतं. त्या खोलीच्या साण्यापाशी तो पोटावर निजला आणि आत डोकावला.

आत ज्वारी नव्हती. मधोमध एक बाज होती, तिच्यावर अंथरूण नव्हतं. बाजेखाली फुटक्या रांजणाच्या बुडात माती भरलेली, त्या मातीतून एक झाड वर आलेलं आणि त्याच्या फांद्या बाजेच्या सुतळीतून एकेका भोकातून काढून आडव्या निजवलेल्या. कुठं बांधलेल्या, कुठं वळवलेल्या, कुठं शेंडा छाटलेला. बाज विणता विणता सुतळी संपली आणि विणणाऱ्यानं उरलेलं काम झाडावर भागवलं, असं वाटत होतं. पानं हाताच्या बोटांसारखी होती. जळबानं आजवर गांजा फक्त कचेरीतल्या चित्रात बघितला होता. ते चित्र इतकं पुसट होतं की त्याच्यावरून एका शिपायानं पपई जप्त करून आणली होती. पण ही पपई नव्हती.

खाली उकिडवा बसून ग्यानोबा एका फांदीला समजावत होता. "आं आं, तिकडं कुठं? तिकडं जागा न्हाई. हिकडं ये. हां, बराबर." फांदी वळली. त्यानं सुतळीचा सैल फास टाकला, बाजूचा एक कोवळा शेंडा कात्रीनं टिपला आणि मुठीत धरला. मग तो थांबला. झाडावर सावली पडली होती. त्यानं वर बघितलं.

साण्यातून जावयाचं डोकं दिसत होतं.

"पावनं," ग्यानोबा म्हणाला, "सरका जरा. ऊन अडून राहिलं."

जळबा खाली आला. खोलीची कडी उघडी होती. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ग्यानोबानं एक प्रयत्न केला. "अंबाडी हाय."

"अंबाडी बाजेत कोण विणतं, मामा?"

ग्यानोबानं कात्री खाली ठेवली. मग चोरी उघडी पडल्याच्या भीतीपेक्षा, कोणीतरी बघायला आलं याचा आनंद त्याला आवरेना. हिवाळ्यात एक बैरागी वस्तीला होता. बैलाचं पोट फुगलं तेव्हा त्यानं झोळीतली पानं चारली, बैल उठला, बैरागी जाताना चिमूटभर बी देऊन गेला. अंगणात लावलं तर गाव बघेल, म्हणून आत लावलं. आत लावलं तर झाड उजेडाकडं सरळ वर निघालं. आठ-पंधरा दिवस आणखी गेले असते तर साण्यातून माळवदावर आलं असतं, आणि माळवदावर शेजारच्या बाया कुरड्या वाळू घालतात. म्हणून शेंडा खुडला. तर बाजूनं दोन फुटले. ते खुडले तर चार.

"हरभऱ्यावानी हाय बघा. जितकं खुडा तितकं पसरतं. आखरीला म्या म्हनलं, पसरायचंच हाय तर सुतळीच्या शिस्तीत पसर."

"पण हा गांजा हाय."

"गांजा कुठं? फूल यायचंय अजून. फुलाच्या आधी हे निस्तं झाड हाय. फूल दिसलं की उपटून टाकनार."

"तुमी वढता का?"

"मला बिडीचा ठसका लागतो, पावनं."

"मग कशासाठी हे?"

ग्यानोबानं फांदीवरून हात फिरवला. "वळतं," तो म्हणाला. "घरात दुसरं कोनी वळत न्हाई."

जळबा उंबऱ्यावर बसला. अशी केस खात्यात आजवर कोणाला मिळाली नव्हती. मुळासकट, जिवंत, जागेवर बांधलेली, आणि मालक स्वतः माहिती देतोय. हिच्यावर तो उद्या कायम झाला असता. फक्त मालक सासरा होता आणि पोटात त्याचे अनारसे होते.

"केस करता का माझी?" ग्यानोबानं विचारलं.

"इचार करून राहिलो."

दाराआडून पार्वती पुढं आली. "करा केस. मी हितंच राहते, आबाचा डबा जेलात कोन नेईल मग? अन् केस न्हाई केली अन् नोकरी गेली, तर शेळ्या राखणाऱ्याच्या मागं मी येनार न्हाई. दोन्हीकून मी हितंच हाय. तुमी तुमचं बघा."

जळबा स्वतःचं बघणार इतक्यात रस्त्याकडून जीपचा आवाज आला.

गाव क्षणात रिकामं झालं. पारावरची माणसं तंबाखू तशीच ठेवून तुरीत घुसली. न्हाव्याच्या हाताखालचा माणूस अर्ध्या दाढीनं पळाला, आणि न्हावी त्याच्या पुढं. जीप ग्यानोबाच्या दारात थांबली. ड्रायव्हर सादिकनं खाली उतरून चारी दिशांना बघितलं. "साब, गाव में कोई बी नै. कुत्ता बी पीछे देख देख के भागरा."

जीपमध्ये जळबाचे साहेब होते. ज्या शिपायानं वर्षभरात काही धरलं नाही, तो भर हंगामात रजा टाकून सासरी इतके दिवस बसतो, म्हणजे सासऱ्याचाच धंदा असणार, असा त्यांना संशय आला होता. साहेबही त्याच खात्यात शिकलेले. ओसरीवर न थांबता ते सरळ मागच्या बाजूला निघाले.

रुक्माबाईनं त्या घरात सगळ्यांत जलद डोकं चालवलं. तिनं बाजेवर गोधडी फेकली, जावयाला दंडाला धरून तिच्यावर आडवं केलं आणि वरून दुसरी गोधडी ओढली. खाली फांद्या करकरल्या. ग्यानोबानं डोळे मिटले.

साहेब दारात उभे राहिले. "काय झालं याला?"

"अपचन," पदराआडून रुक्माबाई म्हणाली आणि बाहेर दारामागं जाऊन उभी राहिली.

"अनारसे," जळबानं दुजोरा दिला. त्याच्या पाठीखाली काहीतरी मोडलं.

"हलू नका पावनं!" ग्यानोबा कळवळून ओरडला. साहेबांना त्या सासऱ्याच्या मायेचं नवल वाटलं. मग तेच बाजेच्या कडेला बसले. आणखी दोन फांद्या गेल्या. ग्यानोबा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

चुरगळलेल्या पानांचा वास गोधडीतून वर यायला लागला. हिरवा, उग्र, खोलीभर. साहेबांनी नाक वर केलं. डावीकडं फिरवलं, उजवीकडं फिरवलं. मग हळूच म्हणाले, "जळबा, कशाचा वास आहे रे हा?"

जळबाला कळलं की आता नोकरी, सासरा आणि बायको, तिघं या एका उत्तरावर टांगलेले आहेत. खरं सांगावं तर सासरा आत. अंबाडी म्हणावं तर साहेब गोधडी उचलून बघणार. काय बोलतोय हे त्याचं त्यालाच बोलून झाल्यावर ऐकू आलं.

"मला वास येत न्हाई, साहेब."

"म्हणजे?"

"कशाचाच. जन्मापासून."

साहेब उठले, त्यांनी दार लोटून घेतलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून एक चपटी बाटली काढली, बूच उघडलं आणि जळबाच्या नाकाला लावली. "हे?"

मोहाच्या दारूची वाफ थेट टाळूला भिडली. जळबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाणी हाय का, साहेब?"

साहेबांनी एक घोट घेऊन त्याच्या तोंडावर श्वास सोडला. "आता?"

"आता काय, साहेब?"

साहेबांच्या चेहऱ्यावरचा संशय वितळला. वर्षभरात त्यांनी जळबाकडं इतक्या मायेनं कधी बघितलं नव्हतं. "अरे, मग आधी बोलायचं ना! एवढे दिवस तुला खेड्यापाड्यांत फिरवलं. तुला काय घावणार होतं?" ते पुन्हा बाजेवर बसले. "जप्तीच्या मालाच्या खोलीवर मला माणूस पाहिजे. आधीचा शिपाई सारखा म्हणायचा, जप्त केलेल्या बाटल्यांना दारूचा वास येत नाही, पाण्याचा येतो. पाण्याला कुठं वास असतो का?"

"न्हाई, साहेब."

"तेच मी त्याला सांगत होतो. सोमवारपासून तू तिथं. कायम."

साहेब अनारशांचं ताट घेऊन जीपमध्ये जाऊन बसले. सादिक मात्र चहासाठी खोलीच्या दारातच थांबला. पार्वतीनं त्याला बशी आणून दिली आणि ती आत आली. जळबा उठून बसला होता. नोकरी राहिली होती, सासरा राहिला होता. ग्यानोबा गोधडीत हात घालून मोडलेल्या फांद्या चाचपत होता, पण बाकी घर वाचलं होतं. कोणीतरी आता दोन चांगले शब्द बोलेल म्हणून जळबा वाट बघत होता.

रुक्माबाई दारामागून आली. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ऐकलेलं सगळं तिला खरं वाटलं होतं.

"सोयरीक जमवताना हे काहून न्हाई सांगितलं तुमच्या लोकांनी?" ती म्हणाली. "पोरीला चांगलं नाकवालं स्थळ मिळालं असतं आमच्या."

"अवो मामी, तसं न्हाई..." जळबानं दाराकडं बघितलं. सादिक बशीत फुंकर घालत होता. सादिकला कळलं ते साहेबांना हिंगोलीपर्यंतच्या रस्त्यात कळणार होतं. "तसंच हाय," जळबा म्हणाला.

"बघा!" रुक्माबाई ग्यानोबाकडं वळली. "कबूल करून राहिले! फसवलं आपल्याला."

जळबानं सासऱ्याकडं आशेनं बघितलं. ग्यानोबानं गोधडीच्या आडच एका मोडक्या फांदीला सुतळीची पट्टी बांधता बांधता मान वर केली. "मी कसं सांगू? तुमचं नाक, तुमालाच ठावं."

पार्वती नवऱ्याच्या तोंडाकडं एकटक बघत होती, आणि तिचे डोळे बारीक होत चालले होते.

"अवो," ती म्हणाली, "आषाढी एकादशीच्या आधी कळमनुरीच्या बाजारातून आला तुमी. रातच्याला म्हनाले, पार्वती, तुझ्या गजऱ्याचा काय वास येऊन राहिला."

"म्हनलो असंन."

"माझ्या केसात गजरा नव्हता त्या दिवशी. मला वाटलं, कौतुक करून राहिले. पर तुमाला तर वासच येत न्हाई, म्हंजी गजरा कुठंतरी डोळ्यानंच बघितला असंन." ती एक पाऊल पुढं आली. "मग ते कोनाच्या गजऱ्याचं बोलून राहिलते तुमी?"

दारात सादिकची फुंकर थांबली. त्यालाही ऐकायचं होतं.