लाल फडक्यातला डबा

डबा सापडला तशी गोपिका आनंदाने किंचाळली, आणि समोरच्या घरातून एक म्हातारी धावत बाहेर आली.

"हात नको लावू, पोरी! ठेव थे खाली!"

गोपिका माझी मुलगी, आठ वर्षांची. आमच्या ओळखीच्या मधुकररावांनी, चित्रकलेच्या मास्तरांनी, मुलांसाठी रविवारचा एक खेळ काढला होता. अजब बंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयातल्या, चित्रदालनात जायचं, ते सांगतील ते चित्र नीट पाहायचं, त्यातली जागा शहरात हुडकायची आणि तिथे लपवलेला डबा शोधायचा. डब्यातली एक वस्तू आपण घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि डबा पुन्हा जागच्या जागी. गोंड राजाच्या वेळचा दरवाजा आम्हाला असाच सापडला होता, भोसल्यांच्या तलावाची पाळही. आजच्या चित्रात नाग नदीच्या काठी बायका सूत वाळत घालत होत्या. मोडक्या पायऱ्या, एका बाजूला कललेला कडुनिंब, मागे कोष्ट्यांची घरं. पायऱ्या आता चिखलात बुडाल्या होत्या, पण कडुनिंब तसाच कललेला होता आणि डबा त्याच्या ढोलीत होता.

लाल फडक्यात बांधलेला. मधुकरराव मुंबईला शिकलेले. लाल रंग मुलांना लांबून दिसतो, एवढंच त्यांनी पाहिलं असणार.

म्हातारीच्या मागून तिची सून दारात आली. तिच्या कडेवर वर्षभराचं पोर होतं. शेजारच्या बायकाही जमल्या.

"पोळा झाल्यापासून माह्या नातवाले हगवन लागली, उलट्या लागल्या," म्हातारी म्हणाली, "अन् तवापासूनच हे फडकं झाडात दिसून राहिलं. आज समजलं कोनाची करनी हाये थे."

"आजी, मुलांचा खेळ आहे हो हा..."

"लाल फडक्यात बांधून झाडात ठेवतेत, तो कोनता खेळ होये वं?"

मागून कोणीतरी म्हातारीला म्हणालं, "मारबतीनं नेलेली इडापिडा या बाईनं रिक्षात बसवून वापस आनली, रुखमाबाई!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचा पुतळा मिरवतात आणि शहरातली रोगराई तिच्यासोबत हाकलून देतात, त्यावरून हा टोमणा. दोघीतिघी हसल्या. पण वाट कोणी सोडली नाही. मी गोपिकाचा हात घट्ट धरला.

आणि तेव्हाच मी त्या पोराकडे नीट पाहिलं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, मान आईच्या खांद्यावर टाकलेली. एवढ्या गलक्यात ते रडत नव्हतं. रडलं असतं तर मी इतकी घाबरले नसते. होमसायन्सच्या वर्गात हे सगळं मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. अंगातलं पाणी संपलं की पोर असं दिसतं.

"ह्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. माझी सायकलरिक्षा उभी आहे."

"कवडू गेला भगताले आनाले," रुखमाबाई म्हणाली. कवडू म्हणजे पोराचा बाप, तो मांत्रिकाला आणायला गेला होता. "बांधलेलं सुटल्याबिगर डाक्टर काय करन?"

"काही बांधलेलं नाही. थांबा, उघडूनच दाखवते."

मी गाठ सोडली, झाकण काढलं. मुलांनी आपापल्या वस्तू ठेवल्या होत्या. फुटकी बांगडी. केस अडकलेली रिबन. काळा धागा. आणि चिंधीची एक बाहुली, तिच्या पोटात टाचणी.

बायका एकदम मागे सरल्या.

"ती टाचणी साडी सुटू नये म्हणून आहे," गोपिका म्हणाली. तिचं कोणी ऐकलं नाही.

रुखमाबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज आता खाली आला होता. "काही नसन ना त्यात? मंग बांध तो धागा तुह्या पोरीच्या हाताले. आमच्यासमोर."

धागाच तो. कोणाच्या तरी आईच्या शिवणाच्या पेटीतला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी कोणालाही ठणकावून सांगितलं असतं. पण गेल्याच वर्षी गोपिका टायफॉइडमधून कशीबशी उठली होती, आणि माझा हात डब्यापर्यंत जाईना. सून डब्याकडे पाहत नव्हती, ती माझ्या हाताकडे पाहत होती. मी मागे हटले असते तर ती भगताची वाट पाहत तिथेच बसली असती, आणि पोराला तेवढा वेळ नव्हता.

"आई, बांध ना," गोपिका वैतागून म्हणाली. "मला तोच घ्यायचा होता. बाहुली मळकी आहे."

मी बांधला. गाठ दोनदा सुटली.

"भगत येऊ दे आता," रुखमाबाई म्हणाली.

"नाही, आत्याबाई." सून पहिल्यांदाच बोलली. "तिनं सोताच्या पोरीले बांधला. मी जातो."

रिक्षात कळलं, तिचं नाव कौशल्या. पोर मांडीवर निपचित पडलेलं. "दादा, जरा जोरात घ्या," मी म्हटलं.

"दोन बाया, दोन लेकरं अन् वरून चढाव. मी काय इंजिन होय का, बाई?" पण रिक्षावाला उभा राहून पायडल मारू लागला.

महाल भागाजवळ गोपिका म्हणाली, "आई, मला गरम होतंय."

कौशल्येची मान झटकन वळली. ती आधी धाग्याकडे, मग माझ्याकडे पाहू लागली. रिक्षा थांबवा, हे शब्द तिच्या ओठांवर आलेले मला दिसत होते.

"ऊन आहे गं," मी हसून म्हटलं आणि गोपिकावर पदर धरला. पदराआडून तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलं होतं. माझा तळहातही तापलेला होता. काहीच कळेना. मी हसत राहिले.

दवाखान्यात नर्सने पोर हातातून घेतलं आणि दार लावलं. आत शीर सापडत नव्हती, एवढं ऐकू आलं. मग तेही ऐकू येईना. गोपिका बाकावर आडवी झाली आणि झोपली. या वेळी इतकी झोप? मी तिच्याकडे हात नेला, पण कौशल्येने माझ्याआधीच तिच्या कपाळावर हात ठेवला, मग गळ्यापाशी.

"थंड हाये वं," ती म्हणाली.

तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिरकं, रागावलेलं. कौशल्या दाराला कान लावून खाली बसली.

मी धाग्याची गाठ सोडायला घेतली, पण ती सुटेना. मग कौशल्याच गुडघ्यांवर सरकत पुढे आली, गोपिकाचा हात धरला, आणि मागावरचं सूत तोडावं तसा तो धागा दातांनी तोडून थू करून बाजूला टाकला.