घडी नसलेली चादर

एकतीस वर्षं मावशींनी हॉटेलांच्या चादरी धुतल्या, पण हॉटेलातल्या पलंगाला त्यांची पाठ एकदाही लागली नव्हती. त्या एका मोठ्या लाँड्रीत कामाला होत्या. सकाळी गाडीभर मळक्या चादरी यायच्या, संध्याकाळी गाडीभर स्वच्छ चादरी जायच्या आणि मधल्या वेळात मावशी आणि आणखी अकरा बायका वाफेत उकडून निघायच्या. तिथं सगळे त्यांना मावशी म्हणायचे. मुकादमही म्हणायचा, आणि तो त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा होता. गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या तेव्हा लेकीनं जाहीर करून टाकलं, "आई, आता तीन दिवस आपण हॉटेलात राहायचं. दुसऱ्यानं घातलेल्या अंथरुणावर तू झोपायचं. एकाही कामाला हात लावायचा नाही."

मावशींनी आधी नाही नाही केलं. मग ती कल्पना त्यांना इतकी आवडली की आठवडाभर शेजारणींना कंटाळा येईपर्यंत त्या तेच सांगत सुटल्या. डोंगर, थंड हवा, ते सगळं ठीकच होतं. पण कुणीतरी आपल्यासाठी अंथरूण घालून ठेवणार, ही गोष्ट त्यांना डोंगराहून मोठी वाटत होती.

आता त्या हॉटेलचं ऐका. जाहिरातीत लिहिलं होतं, 'डोंगरावरच्या शहराच्या कुशीत'. प्रत्यक्षात शहर वर, हॉटेल खाली आणि मधे बसनं पाऊण तासाचा घाट. कूस जरा जास्तच ऐसपैस निघाली. फोटोत खिडकीभर बर्फाचं शिखर होतं. खऱ्या खिडकीत पाण्याची टाकी होती आणि टाकीमागून शिखराचं टोक कसंबसं डोकावत होतं. लेकीचा चेहरा पडला. पंधरा दिवस मोबाईलमध्ये डोळे घालून हॉटेल तिनंच शोधलं होतं. मावशींनीच तिची समजूत काढली, "अगं, टाकी तर टाकी. डोंगर कुठं पळून जातोय? मला पलंग बघू दे आधी."

आणि पलंग बघितला, तिथंच सगळं बिनसलं.

"किती गुळगुळीत घातलंय बघ," लेक म्हणाली. "एक सुरकुती नाही."

मावशी पलंगाशी गेल्या, वाकल्या, पर्समधून चष्मा काढून लावला. हात न लावता त्यांनी चादर या कडेपासून त्या कडेपर्यंत न्याहाळली.

"हेच तर," त्या म्हणाल्या. "घड्या कुठं आहेत?"

"कसल्या घड्या?"

"लाँड्रीतून आलेल्या चादरीला घड्या असतात गं. गरम रोलरमधून निघाली की आम्ही दोघीजणी तिला लांबीत दोनदा दुमडतो आणि मग आडव्या घड्या घालतो. पलंगावर पसरली तरी त्या रेघा दिसतात. दिसायलाच पाहिजेत. ही कपाटातून आलेलीच नाही. इथंच पलंगावर होती. कुणीतरी उलटी केली आणि वरून इस्त्री फिरवली."

लेकीला काही ते पटेना. मावशींनी कडेची शिवण दाखवली. शिवणीची जी बाजू खाली जायला हवी ती वर आली होती. मग त्यांनी पायथ्याकडचं टोक उचकटलं, तर आतल्या अंगाला चहाचा डाग आणि बिस्किटाचा चुरा. उशीच्या अभ्र्यातून एक लांबलचक लालसर केस निघाला. कोण कुठली बाई इथं झोपून गेली होती आणि तिच्या चुऱ्यावर आज मावशींनी झोपायचं होतं! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आई, जाऊ दे ना," लेक रडवेली होऊन म्हणाली. "मी वरून आपली शाल पसरते. सगळीकडे असंच असतं."

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं.

"सगळीकडे?" मावशींचा आवाज चढला. "सगळीकडे असंच असतं? मग मी एकतीस वर्षं काय केलं? या बोटांची सालं काय हौसेनं सोलून घेतली? रक्ताचा डाग गार पाण्यात टाकायचा, गरम पाण्यात टाकला की कायमचा बसतो, हे कुणासाठी शिकले मी? उलटी चादर चालत असेल, तर आम्ही बारा जणी तिथं काय गोट्या खेळत होतो?"

मावशींना लेकीचं वाईटही वाटलं, कारण पोरीनं जिवापाड हौसेनं आणलं होतं. पण आता थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी चादर ओढून काढली, तिचा बोळा करून काखेत मारला आणि जिना उतरून खाली काउंटरवर आल्या.

काउंटरमागं मॅनेजर बसला होता. मावशींना आधी दिसला तो त्याचा शर्ट. पांढरा, कडक, दोन्ही बाह्यांवर सुरीनं ओढल्यासारखी सरळ रेघ. म्हणजे साहेबांचा शर्ट बरोबर लाँड्रीत जातो!

"बोला आजी," तो मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला.

"ही चादर वापरलेली आहे."

"शक्यच नाही. आमच्याकडे रोज बदलतात. आमचं स्टँडर्ड आहे."

मावशींनी केस काउंटरवर ठेवला. "आणि हा?"

"तुमचाच असेल."

"माझा?" मावशींनी आपलं पांढरंशुभ्र डोकं त्याच्यापुढं वाकवलं. "नीट बघा. यात एक तरी रंगाचा केस सापडला, तर मी तुमच्या हॉटेलात जन्मभर फुकट चादरी धुते."

बाजूला सोफ्यांवर वरच्या शहरात जाणाऱ्या संध्याकाळच्या बसची वाट बघत दहाबारा पाहुणे बसले होते. त्यांच्यातला एक लठ्ठ गृहस्थ खुदकन हसला. ते हसू मॅनेजरला झोंबलं. त्यानं घंटी दाबली. तिसऱ्या मजल्यावरून धापा टाकत खोल्या आवरणारी बाई आली. चाळिशीची असेल. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"ही बघा, हा सगळा हिचा कामचुकारपणा," मॅनेजरनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "किती वेळा बजावलं हिला! उद्यापासून येऊ नकोस तू. आजी, झालं समाधान?"

मावशी चरकल्या. त्या एका चादरीसाठी भांडायला आल्या होत्या आणि इथं एका बाईच्या पोटावर पाय येत होता, तोही त्यांच्या नावानं! ती बाई मान खाली घालून, ओठ मिटून उभी राहिली. तसं उभं राहणं मावशींना चांगलं ठाऊक होतं. मुकादमापुढं त्याही कितीदा तशाच उभ्या राहिल्या होत्या. पण एकदा, क्षणभरच, त्या बाईची नजर वर गेली आणि मॅनेजरच्या कमरेच्या किल्ल्यांवर जाऊन परत आली.

"चादरींच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते?" मावशींनी विचारलं.

"तो आमचा आतला प्रश्न आहे," मॅनेजर म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं मी. तू सांग गं. घाबरू नकोस, काढून तर टाकलंच आहे त्यांनी तुला."

हे मात्र खरंच होतं. बाईनं मान वर केली. "साहेबांकडे असते, मावशी. मला दिवसाला चार चादरी मिळतात. खोल्या अठरा आहेत. ज्यांवर डाग दिसतो तेवढ्या बदल, बाकीच्या उलट्या करून इस्त्री फिरव, असं साहेबांनीच सांगितलंय."

तिनं आपण होऊन मावशी म्हटलं, हे मावशींच्या काळजाला लागलं.

"खोटं बोलतेय ती!" मॅनेजर ओरडला.

"मग उघडा कपाट."

"उघडणार नाही. कुणीही यावं आणि कपाटं उघडायला लावावीत, ही काय धर्मशाळा आहे?"

मावशी वळल्या. एकतीस वर्षं धडधडणाऱ्या मशीनवर आवाज चढवून बोललेली बाई ती, तिला माईक कशाला लागतोय! "ऐका हो सगळे! आपापल्या खोलीत जा आणि पलंगावरची चादर बघा. तिच्यावर घडीच्या सरळ रेघा असतील, तर खुशाल बसमध्ये जाऊन बसा. नसतील, तर ती उलटून बघा."

मग तो लठ्ठ गृहस्थ उठला आणि जिना चढून गेला. वरून त्याच्या बायकोची किंकाळी ऐकू आली. ती ऐकून बाकीचे पळाले. पाच मिनिटांत जिन्यावर एकच गर्दी उडाली. जो तो हातात चादर घेऊन खाली येत होता. कुणाच्या चादरीला लिपस्टिक, कुणाच्या चादरीला औषधाचा पिवळा डाग. नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं होतं, त्यातली मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तीन रात्री झोपलो आम्ही यावर! तीन रात्री!" बाहेर बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला आणि शेवटी तोही आत तमाशा बघायला आला.

मॅनेजरनं कमरेची किल्ली काढून काउंटरशेजारचं कपाट उघडलं. आत वरपासून खालपर्यंत चादरींच्या थप्प्या होत्या, धुतलेल्या, कडेला कड जुळवलेल्या, लाँड्रीची कागदी पट्टीसुद्धा न तोडलेल्या.

"या मालक येतात तेव्हा घालायच्या," ती बाई हळूच म्हणाली. "वर्षातून दोनदा."

मॅनेजरनं घाईघाईनं एक थप्पी काढून तिच्या हातात कोंबली. "जा, पटापट घाल सगळीकडे."

"ती नाही," मावशी म्हणाल्या. "तुम्ही."

"मी?"

"चार चादरींत अठरा खोल्या भागवायचं डोकं तुमचं ना? मग हातही तुमचेच चालू देत. सुरुवात माझ्या खोलीपासून. आणि हिला कामावरून काढणार नाही, हे आधी इथं बोला. सगळ्यांसमोर."

मॅनेजरनं आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे माणसं आणि माणसांच्या हातात मळक्या चादरी. तो काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," लठ्ठ गृहस्थ म्हणाला.

"नाही काढणार!"

खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर मावशी बसल्या. दुसरी त्यांनी त्या बाईपुढं सरकवली. "नको मावशी, मी उभीच बरी," ती म्हणाली. "बस," मावशींनी दरडावलं तेव्हा ती बसली, पण नुसती कडेवर. लेक दारात उभी होती. आता ती रडवेली नव्हती.

मॅनेजरनं चादर झटकून फेकली, ती तिरकी पडली. एक कड ओढली तर दुसरी सुटली. कोपरा दुमडायला गेला तर गादीच वर आली. मावशींचे हात आपोआप उठले. दोन पावलं, एक झटका, आणि चादर कशी ताठ बसली असती! त्यांनी हात परत घेतले आणि मांडीखाली दाबून धरले. बाजूच्या खुर्चीत ती बाईही स्वतःच्या ओल्या बाह्या घट्ट धरून बसली होती.

"काढा," मावशी म्हणाल्या. "परत घाला."

त्यानं परत घातली. शिवण वर आली.

"काढा. परत."

तिसऱ्या वेळेला ती बरी बसली. उत्तम नाही, बरी. मॅनेजर घामानं निथळत होता आणि बाह्यांवरची ती सरळ रेघ पार चुरगळून गेली होती. कुणाकडेही न बघता तो पुढच्या खोलीकडे गेला. तिथं नवी नवरी कमरेवर हात ठेवून त्याची वाटच बघत होती.

"आई, टेक आता जरा," लेक म्हणाली. "तुझ्यासाठी घातलंय."

मावशी पलंगावर आडव्या झाल्या. तळहाताखाली घडीची रेघ लागली. त्यांनी तिच्यावरून बोट नेलं, मधल्या घडीपर्यंत, तिथून आडव्या घडीवर. कुठंही वाकडी नव्हती. त्यांच्या ओळखीच्या लाँड्रीतली नव्हती ती, दुसऱ्याच कुठल्या तरी गावची होती.

"बघ," त्या लेकीला म्हणाल्या. "दोघींनी समोरासमोर उभं राहून घातलीय ही घडी. कडेला कड लावून. केसभर फरक नाही." त्यांचा आवाज फुटला, आणि तो रागानं फुटला की रडण्यानं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "आणि हा मेला ती कुलपात ठेवतो!"